वाचक विचारतात : अन्यायाची गोष्ट लेकरांना कशी सांगावी?

छळ, भेदभाव, बहिष्कार या गोष्टी रूपककथांमधून लहान मुलांपर्यंत कशा न्याव्यात, याबद्दल मराठवाड्यातल्या पालकांकडून आणि शिक्षकांकडून प्रश्न मागवले होते. त्यातले काही प्रश्न आणि आमच्या बालसाहित्य व शालेय शिक्षण विभागाने दिलेली उत्तरं इथे देत आहोत.

माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. दंगल, जात, बहिष्कार हे शब्द टीव्हीमुळे त्याच्या कानावर पडतातच. इतक्या लहान वयात अन्यायाच्या गोष्टी सांगाव्यात का, की थोडं थांबावं? (एक आई, लातूर)

थांबू नका. सहा वर्षांच्या लेकराला अन्याय चांगला कळतो. भावाला मोठा चतकोर गेला की ते लगेच बोलून दाखवतं. त्याला कळत नाही तो काळ आणि आकडा. ‘शंभर वर्षांपूर्वी’ आणि ‘परवा’ त्याला सारखेच वाटतात, आणि हजारो माणसं म्हणजे किती हेही त्याच्या डोळ्यांपुढे येत नाही. म्हणून पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी गोष्टीत एकच जागा, एकच अन्याय आणि तीन-चारच पात्रं ठेवा. गोष्ट पाच मिनिटांत संपावी, आणि संपण्याआधी ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्याजवळ कुणीतरी आलेलं असावं.

सात ते नऊ या वयात नियम, पाळी, बहाणा हे सगळं समजतं. रूपककथेचं खरं वय हेच. दहाच्या पुढे रूपकाच्या जोडीला खरी हकिकत हवी, नावासकट आणि सालासकट. बारा-तेराव्या वर्षी मूल १९७८ चा नामांतराचा काळ समजून घेऊ शकतं. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला, मग इथल्याच गावांमध्ये दलित वस्त्यांवर हल्ले झाले, आणि नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. या वयाच्या मुलाला हे प्राण्यांच्या गोष्टीतून सांगायला गेलात, तर आपल्यापासून काहीतरी लपवलं जातंय हे त्याला बरोबर कळतं.

इसाप, पंचतंत्र, जातक यांतल्या कोणत्या गोष्टी या कामाच्या आहेत? (प्राथमिक शिक्षक, जिंतूर तालुका)

तीन गोष्टी एका आठवड्यात, एकीला लागून एक सांगा. फरक मुलांना आपोआप दिसेल.

पहिली लांडगा आणि कोकराची. लांडगा ओढ्याच्या वरच्या अंगाला आहे, कोकरू खालच्या अंगाला, तरी पाणी गढूळ केल्याचा आळ कोकरावर येतो. कोकरू एकेक आरोप खोडून काढतं, तरी मरतंच. गोष्ट संपली की इतकंच विचारा : ‘कोकराने कोणतं उत्तर दिलं असतं तर ते सुटलं असतं?’ मुलं आठ-दहा उत्तरं सुचवतील. प्रत्येक उत्तरावर तुम्ही लांडगा व्हा आणि नवा आळ काढा. थोड्या वेळाने एखादं मूल म्हणेल, की काहीही बोललं तरी हा खाणारच. निकाल आधी ठरतो आणि आरोप मागून शोधला जातो, हे त्या वेळी वर्गाला कळलेलं असतं. ते फळ्यावर लिहायची गरज नाही.

दुसरी सिंह आणि सशाची. रोज एका प्राण्याने सिंहाकडे जायचं अशी पाळी ठरते, आणि ससा युक्तीने सिंहाला विहिरीत उडी घ्यायला लावतो. मुलांना ही फार आवडते. पण ती एकटी सांगितली तर असा समज होतो की ज्यांचा छळ झाला ते हुशार नव्हते. म्हणून तिच्यामागे लगेच तिसरी घ्या, न्यग्रोधमृग जातक, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या कथांमधली एक. तिथेही पाळीच आहे. राजाच्या बागेत कोंडलेल्या हरणांच्या दोन कळपांतून आळीपाळीने रोज एक हरीण कापायला जातं. एकदा गाभण हरिणीची पाळी येते. तिच्या कळपाचा मुख्य म्हणतो, पाळी म्हणजे पाळी. दुसऱ्या कळपाचा मुख्य तिच्या जागी स्वतः जाऊन ओंडक्यावर मान ठेवतो. राजा थबकतो, आणि तो हरणराजा स्वतःपुरतं अभय घेऊन थांबत नाही. दुसऱ्या हरणांचं काय, बाकीच्या चौपायांचं काय, पक्ष्यांचं काय, माशांचं काय, असं विचारत जातो. मुलांशी बोलायचं ते ‘पाळी म्हणजे पाळी’ म्हणणाऱ्याबद्दल. तो दुष्ट नाही, तो शिस्तीचा आहे. जगातले मोठे छळ अशा शिस्तीच्या माणसांच्या मदतीनेच चालले आहेत.

सहल अजिंठ्याला जात असेल तर १७ क्रमांकाच्या लेण्यात वानरराजाचं महाकपी जातक रंगवलेलं आहे. गोष्ट आदल्या दिवशी वर्गात सांगून ठेवा. लेण्यातल्या अंधारात आणि गर्दीत सांगायला जमत नाही.

आमच्या भागातली वाटेल अशी गोष्ट स्वतः रचायची आहे. कशी रचावी? (अंगणवाडी सेविका, अंबाजोगाई तालुका)

आधी जागा ठरवा, पात्रं नंतर येतील. प्रत्येकाला यावंच लागेल अशी जागा हवी : आड, बारव, टँकरची रांग, बाजारातला पार. बारव सगळ्यात सोयीची, कारण तिला पायऱ्या असतात. कोण वर, कोण खाली, कोण बाहेर, हे न सांगता दिसतं. आपण बारवेवर येणारे पारवे घेऊ.

सगळे पारवेच ठेवा. वाघ-शेळी, साप-बेडूक अशा जोड्या नकोत. वाघ भुकेपोटी शेळी खातो आणि त्यात त्याचा दोष नसतो. मग छळ हा निसर्गाचाच नियम आहे, असं मुलाच्या मनात बसतं. माणसं माणसांना छळतात तेव्हा कारण भुकेचं नसतं, तो ठरवून घेतलेला निर्णय असतो. गोष्टीतही तो निर्णय दिसला पाहिजे.

मग खूण. ज्यांच्यावर अन्याय होणार त्यांची खूण अगदी बिनमहत्त्वाची असावी. उदाहरणार्थ, डाव्या पायाचं एक नख वाकडं. काळा-गोरा रंग नको, वास नको, मळकेपणा नको, बोलण्याची ढब नको, खाण्याच्या सवयीही नकोत. यातलं काहीही घेतलं की दुसऱ्या दिवशी वर्गातल्या कुणाच्या तरी अंगावर ते चिकटतं आणि तुमच्या गोष्टीतून नवं चिडवणं तयार होतं.

मग बहाणा. एकच वाक्य ठरवा आणि गोष्टीत तीन वेळा शब्दही न बदलता आणा : ‘पाणी गढूळ होतं म्हणून सांगतोय.’ पहिल्यांदा ते पटण्यासारखं वाटतं. तिसऱ्यांदा मुलं स्वतःच ते तुमच्याआधी म्हणतात. बहाणा खोटा आहे असं तुम्ही सांगू नका, घटनेतून दाखवा. वाकड्या नखाचे पारवे दोन दिवस फिरकलेच नाहीत, तरी पाणी गढूळच राहिलं.

अन्याय तीन टप्प्यांत वाढवा. आधी ‘वाकड्या नखाच्यांनी सगळ्यांच्या नंतर यायचं’. मग ‘चौथ्या पायरीच्या खाली उतरायचं नाही’. शेवटी ‘या बारवेवर यायचंच नाही’. दर दोन टप्प्यांच्या मध्ये बाकीचे पारवे काय म्हणाले ते सांगा. एक म्हणतो, आपल्याला काय, पाणी जास्तच मिळतंय. दुसरा म्हणतो, नियम मी केला नाही. तिसरा मान फिरवून पंख साफ करत बसतो. गोष्टीतले निम्मे शब्द या बघ्यांवर खर्च करा. हुकूम सोडणारा होण्याची वेळ फार थोड्या मुलांवर येईल. बघे होण्याची वेळ सगळ्यांवर येणार आहे आणि पुढच्याच आठवड्यात येणार आहे.

नवख्यांची गोष्ट बहुतेक शेवटाशी फसते. तीन शेवट टाळा. युक्तीने दुष्टाचा नाश करू नका, त्याचं कारण वर आलंच आहे. राजा, देव किंवा शहाणं म्हातारं घुबड येऊन न्याय देतं असं करू नका, कारण मग मुलं वाट बघायला शिकतात. आणि तिसरा शेवट, जो सगळ्यांना गोड वाटतो : बारवेवर संकट येतं, वाकड्या नखाचे पारवे सगळ्यांना वाचवतात, मग त्यांना पायरीवर जागा मिळते. हा सगळ्यात घातक आहे. ते कामाला आले नसते तर त्यांना हाकलणं बरोबर होतं का? पाणी प्यायला आधी लायकी सिद्ध करावी लागत नाही. ज्या मुलाला रोज काहीतरी सिद्ध करून दाखवावं लागतं, ते अशा शेवटाने आणखी एकटं पडतं.

चालणारा शेवट छोटा असतो. सरळ नखाचा एक पारवा दुसऱ्या दिवशी खाली जात नाही. तो वर, वाकड्या नखाच्यांबरोबर बसतो आणि त्यांच्याबरोबरच पाणी प्यायला उतरतो. पुढे काय झालं ते उघडं ठेवा. दहाच्या पुढच्या मुलांना कडू शेवट देता येतो : वाकड्या नखाचे निघून गेले, कुणी काही बोललं नाही, आणि आठ दिवसांनी लहान चोचीच्या पारव्यांसाठी नवा नियम निघाला.

सात वर्षांपुढच्या मुलांसाठी लांबी ५०० ते ६०० शब्द, म्हणजे सांगायला सात-आठ मिनिटं; त्याहून लहानांसाठी वर म्हटल्याप्रमाणे पाच मिनिटांतच संपवा. नावं दोनच पारव्यांना द्या. मध्ये एकदाच थांबा, दुसऱ्या नियमानंतर, आणि विचारा की आता हा सरळ नखाचा पारवा काय करेल. सारखं थांबलात तर गोष्टीचा ताण जातो. गोष्ट संपल्यावर ‘तात्पर्य काय?’ विचारू नका, कारण मुलं पाठ केलेलं ‘सर्वांशी प्रेमाने वागावे’ म्हणून मोकळी होतात. ‘हे चुकतंय असं सगळ्यात आधी कुणाला कळलं? मग ते गप्प का बसलं?’ हे विचारा. ‘भीती वाटली’ असं उत्तर येईल. ते खरं उत्तर आहे, त्यावर रागवू नका. कशाची भीती, एवढंच पुढे विचारा.

आणि मुलांना पात्रं वाटून नाटक बसवू नका. वाकड्या नखाचा पारवा कुणाला करायचं? चिठ्ठी टाकली तरी ती नेमकी ज्याला रोज तेच भोगावं लागतं त्याच्याकडे जाऊ शकते. खडूने पायऱ्या काढा, पारव्यांच्या जागी चिंचोके ठेवा आणि मुलांनाच ते हलवू द्या. एखादा चिंचोका कुठे ठेवायचा यावर मुलं भांडायला लागली की गोष्ट पोचली असं समजा.

वर्गात ज्यूंच्या छळावरची जंगलाची एक गोष्ट वाचून दाखवली. मुलांना ती प्राण्यांचीच वाटली. रूपकातून खऱ्या इतिहासाकडे कसं न्यावं? (शिक्षिका, छत्रपती संभाजीनगर)

आठवड्याच्या आत खरी हकिकत आली नाही, तर रूपक पडदा होऊन बसतं. क्रम असा ठेवा : आज गोष्ट, तीन-चार दिवसांनी इतिहास, आणि मग परत गोष्टीकडे येऊन जुळत काय नाही ते शोधणं.

जर्मनीच्या बाबतीत टप्पेच सांगा. १ एप्रिल १९३३ ला ज्यूंच्या दुकानांवर बहिष्कार. सप्टेंबर १९३५ च्या न्युरेंबर्ग कायद्यांनी नागरिकत्व गेलं. सप्टेंबर १९४१ पासून कपड्यावर पिवळी चांदणी लावायची सक्ती, तीही सहा वर्षांच्या मुलापासून. पुढे सुमारे ६० लाख ज्यूंची हत्या झाली, त्यांत सुमारे १५ लाख मुलं होती. दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी इतकं पुरेसं आहे. छळछावण्यांचे फोटो दाखवू नका. त्या वयात फोटोची दहशत मनात राहते आणि विचार तिथेच थांबतो. जंगलाच्या गोष्टीत जुळत नाही ते हे : तिथे एक भयंकर ताकद बाहेरून येते, इथे शेजारी, शिक्षक, कारकून सामील होते.

पण इतक्या लांब जाण्याआधी तुमच्या शहराजवळचं दौलताबाद आहे. १९३४ मध्ये बाबासाहेब आंबेडकर सहकाऱ्यांसह वेरूळ पाहायला निघाले होते आणि वाटेत दौलताबादचा किल्ला पाहायला थांबले. प्रवासाची धूळ होती म्हणून दाराजवळच्या पाण्यावर त्यांनी हातपाय-तोंड धुतलं. पाणी बाटवलं म्हणून एक वृद्ध मुस्लिम गृहस्थ ओरडत आले, गर्दी जमली, धमक्या आल्या. शेवटी आत सोडलं ते बरोबर हत्यारबंद शिपाई देऊन, किल्ल्यात कुठेही पाण्याला हात लागू नये म्हणून. बाबासाहेबांनी स्वतः हे लिहून ठेवलं आहे. त्याच आठवणींत हिंदू टांगेवाल्यांनी आणि पारशी धर्मशाळेतल्या लोकांनी दिलेली वागणूकही आहे. वर्गात या तिन्ही एकत्र सांगा. एकच सांगितली तर मुलं दोष एका धर्मावर टाकून मोकळी होतात, आणि बाबासाहेबांना दाखवायचं होतं ते निसटतं. पारव्यांची गोष्ट आधी झालेली असेल, तर दौलताबादच्या सहलीत मुलं बारव आणि पायऱ्या स्वतःहून आठवतात.

एकनाथांच्या भारुडांत रूपक ठासून भरलंय. तीच का सांगू नयेत? (एक आजोबा, पैठण)

जरूर सांगा, पण त्यांचं काम वेगळं आहे. विंचवाच्या भारुडातला विंचू हा आपल्याच आतला काम-क्रोध, आणि त्यावरचा सत्त्वगुणाचा अंगाराही आपल्यालाच लावायचा असतो. बाहेरच्या अन्यायासाठी तेच रूपक वापरलं, तर छळ सोसणाऱ्यालाच ‘तुझ्या मनातला राग काढ’ म्हटल्यासारखं होतं. त्यापेक्षा नाथांची संवादाची भारुडं घ्या. त्यांत महार बोलतो, ब्राह्मणाला उलट उत्तर देतो. दोन नातवंडांनी दोन बाजू म्हणायच्या आणि मग बाजू बदलायच्या. पैठणच्याच वाळवंटात तापलेल्या वाळूतून नाथांनी उचललेल्या लेकराची कथा तर रूपकाविना सांगावी.

१७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्रामाची गोष्ट सांगताना रझाकारांचा उल्लेख येतो. वर्गात मुस्लिम मुलं असतात. लांडगे आणि मेंढरं करून सांगितलं तर कुणी दुखावणार नाही ना? (मुख्याध्यापक, हिंगोली जिल्हा)

असं करू नका. लांडगा कोण ते मधल्या सुट्टीत कुणीतरी बोट दाखवून सांगणारच, आणि मग ‘लांडगे’ संघटनेपुरते राहत नाहीत, पूर्ण समाजाला चिकटतात. माणसाला जनावर म्हणणं हीच छळाची पहिली पायरी असते.

इथे सरळ, नावाने सांगा. रझाकार ही निझामाच्या राजवटीला टिकवण्यासाठी उभी राहिलेली हत्यारबंद संघटना होती. तिच्याविरुद्ध स्वामी रामानंद तीर्थांसारखे लोक लढले. आणि ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान यांनी भारतात विलीन होण्याच्या बाजूने लिहिलं, म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्यांचा खून झाला. हे नाव घेतल्याशिवाय १७ सप्टेंबरचं भाषण पूर्ण होत नाही, असं आमचं ठाम मत आहे. वर्गातल्या मुस्लिम मुलाकडे न पाहता, त्याला काही सिद्ध करायला न लावता ते घ्या.

आठवी-नववीपुढे दुसरी बाजूही टाळू नये. निझामाचं हैदराबाद संस्थान भारतात सामील करण्यासाठी सप्टेंबर १९४८ मध्ये झालेल्या पोलीस कारवाईनंतर मराठवाड्यात निरपराध मुस्लिमांच्या मोठ्या प्रमाणावर हत्या झाल्या, हे भारत सरकारनेच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या पथकाने नोंदवलं आहे. मुक्ती खरी होती आणि या हत्याही खऱ्या होत्या. चौदा वर्षांच्या मुलाला दोन्ही एकदम पेलतं.

गोष्ट ऐकून मुलगी रात्री उठते. ‘आपल्यालाही नेतील का?’ विचारते. (एक वडील, नांदेड)

अशा गोष्टी झोपताना सांगू नका, दुपारी किंवा दिवेलागणीच्या आधी सांगा. ‘नाही नाही, असं काही नसतं’ म्हणू नका, तिला ते पटलेलं नाही. ‘आपल्या घरी कोण कोण आहे, शेजारी कोण आहे, कुणाला हाक मारता येते’ ही नावं तिच्याकडूनच मोजून घ्या. कागदावर तिला हवा तो शेवट काढू द्या. काही दिवस तीच गोष्ट पुन्हा मागितली तर सांगा, भीती तशीच उतरते. झोप दोन-तीन आठवड्यांनीही सुधारली नाही, तर मात्र शाळेत किंवा वस्तीत काही घडलंय का ते बघा, आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

पाण्याची गोष्ट सांगितल्यावर एका मुलाने भर वर्गात सांगितलं, ‘मला माठाला हात लावू देत नाहीत, वरून ओततात.’ पुढे काय करावं? (सहशिक्षिका, बीड जिल्हा)

तिथल्या तिथे ‘खरंच?’ किंवा ‘कोण?’ विचारू नका. ‘तू सांगितलंस ते बरं झालं, आपण यावर बोलू’ एवढं म्हणून तास पुढे न्या. मग त्याला एकट्याला, पण दार उघडं ठेवून, ऐका. त्याच्याच शब्दांत, तारखेसह, त्याच दिवशी लिहून ठेवा. ‘ते चेष्टेने करत असतील’ हे वाक्य तोंडातून जाऊ देऊ नका, ते बोललात की मूल पुन्हा कधीच काही सांगणार नाही.

त्याच दिवशी माठाची व्यवस्था बदला : लांब दांड्याचं एकच ओगराळं, सगळ्यांनी स्वतःच्या हाताने घ्यायचं, शिक्षकांनीही. पोषण आहाराची पंगत हजेरीच्या क्रमाने बसवा आणि वाढणारे हात दर आठवड्याला बदला. ऊसतोडीवरून परतलेली मुलं वेगळी बसत असतील तर तीही याच क्रमात आली पाहिजेत.

हे मुलांमधलं चिडवणं असो की मोठ्यांनी लावलेला नियम, मुख्याध्यापकांना लेखी कळवा आणि पोच घ्या. राज्यघटनेच्या कलम १७ ने अस्पृश्यता बंद केली आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नुसार मुलाचा मानसिक छळ करायला मनाई आहे. मूल अनुसूचित जाती-जमातीचं असेल आणि हे कुणी मोठं माणूस करत असेल, तर १९८९ च्या अत्याचार प्रतिबंध कायद्याचा विषय येतो. शाळेत दाद लागली नाही तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा. मुलाला धोका वाटत असेल तर चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा क्रमांक मोफत आहे आणि दिवसरात्र चालतो. पालकांशी आधी बोला. तक्रारीनंतर गावात त्यांच्यावर काय दबाव येऊ शकतो ते त्यांनाच जास्त कळतं, आणि कधी, किती पुढे जायचं यात त्यांचा शब्द धरा.

परिपाठात त्या मुलाला पुढे उभं करून सगळ्यांशी हात मिळवायला लावणं, किंवा त्याच्या हातून सगळ्यांना पाणी वाटायला लावणं, असले कार्यक्रम करू नका. पुढचे पंधरा दिवस मधल्या सुट्टीत तुम्ही स्वतः माठाजवळ उभ्या राहा.